रिकाम्या घराची कडी

शाळेतून फोन आला तेव्हा मी एका पेटीच्या कुलपात मोडून राहिलेला किल्लीचा तुकडा काढत होते. तुकडा निघत नव्हता, आणि पेटीची मालकीण समोर बसून तिच्या जावेची कहाणी संपवत नव्हती. दोन्हीकडून डोकं उठलेलं. फोन मुलानं घेतला. तो "हो", "बरं", "येतो" एवढंच बोलला, आणि फोन ठेवून माझ्याकडे असा बघायला लागला, की मी समजले. यानं "येतो" म्हटलंय, पण जायचं मला आहे.

माझा मुलगा कारागीर चांगला. पण चार शिकलेली माणसं समोर आली की त्याची जीभ टाळूला चिकटते. सूनबाई बोलायला खमकी, पण ती दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला. दिवसपाळीतून तिला मधेच सोडत नाहीत. राहिले मी. घरात ज्याचे गुडघे सगळ्यात जास्त दुखतात त्यालाच सगळीकडे पाठवायचं, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

काय झालं म्हणून विचारलं. मुलगा हळूच म्हणाला, की कानशीचं शाळेतलं संगणकाचं खातं बंद केलंय. कुलपं फोडायला शिकत होती म्हणे.

कानस म्हणजे माझी नात. कागदावर नाव वेगळं आहे. पण बोलायला लागली तेव्हा एकेक गोष्ट इतकी खरवडून खरवडून विचारायची, की तिच्या आजोबांनी तिला दुकानातल्या लोखंड घासायच्या कानशीवरून कानस म्हणायला सुरुवात केली, आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आजोबा गेले. पोर मोठी झाली, शाळेच्या शेवटच्या वर्षाला आली. आता फारसं बोलत नाही, पण नाव राहिलं.

पेटीच्या मालकिणीनं जावेला होती तिथंच सोडलं आणि कान टवकारले. मी म्हटलं, कुलपं शिकायला शाळेत कशाला जायला पाहिजे, इथं फुकट शिकवतो की आम्ही. ती हसली. तिला हसवलं खरं, पण चिमट्यातला तुकडा निसटून पुन्हा आत गेला.

आमचं दुकान कुलपांचं. नवी विकतो, जुनी दुरुस्त करतो, हरवलेल्या किल्ल्या करून देतो, आणि माणसं आपल्याच घराबाहेर अडकली की जाऊन दार उघडून देतो. हे शेवटचं काम सगळ्यात जोखमीचं. कुलूप उघडायला थोडं कसब लागतं. कोणासाठी उघडायचं हे कळायला फार लागतं. म्हणून सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याकडे एक रीत आहे. दाराशी गेलं की आधी कडी वाजवायची. मालक शेजारी उभा राहून "आत कोणी नाही हो" म्हणत असला तरी वाजवायची. रिकाम्या घराचीसुद्धा. मग मालकानं दारात उभं राहून तोंडानं म्हणायचं, "उघडा." मान हलवलेली चालत नाही. आणि शेजारपाजारच्या कोणीतरी सांगायचं, की हो, हा इथलाच, मी ओळखतो याला. एवढं झालं की मग पिशवी उघडायची. लोक हसतात. हातात सामान घेऊन ताटकळलेला माणूस शिव्यासुद्धा घालतो. घालू दे. या धंद्यात एकदा नाव गेलं की ते पुन्हा करून देणारा कारागीर नाही.

कानस हे बघत वाढली. दुसरी पोरं भातुकली खेळतात, ही कडी-कडी खेळायची. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून वाजवायची, आणि मी आत असले तर मला तोंडानं "उघड" म्हणायला लावायची. मी खोकले तर चालायचं नाही.

तिला तंत्रशाळेत जायचंय. दुसऱ्यांची कुलपं दुरुस्त करत बसायचं नाही, स्वतः नवीन काढायची. तिथं जागा थोड्या, आणि घ्यायचं की नाही ते शाळेच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पावर ठरतं. एक विषय घ्यायचा, चित्रं काढायची, समजावून मांडायचं. हे सगळं शाळेतल्याच संगणकावर करायचं, घरी नाही, कारण घरी बाप करून देतात. हे मला पटलं. आमच्या घरी संगणक नाहीच, तेव्हा न पटून सांगते कोणाला.

हिनं विषय घेतला, कुलपाच्या पोटात काय असतं. चित्रं आधी कागदावर काढली, अशी की मुलगा काम टाकून बघत राहिला. कुठली पिन कधी वर सरकते, किल्लीचा कुठला दात कुठं लागतो, सगळं जिथल्या तिथं. पण नुसत्या चित्रांवर भागत नाही म्हणे. जे लिहिलं ते कुठून कळलं हेही दाखवावं लागतं. "आजीनं सांगितलं" याला संदर्भ म्हणत नाहीत. संदर्भ नेटवर असायला लागतो.

आणि शाळेच्या नेटला लावलाय फिल्टर. मी आयुष्यात चहाच्या गाळणीखेरीज दुसरा फिल्टर पाहिलेला नाही. पण गाळणीतून निदान चहा तरी खाली येतो. मुलांनी घाण काही बघू नये म्हणून लावलाय. लावा की, आमच्याही घरात वाढती पोर आहे. पण याची भोकं इतकी बारीक, की काहीच खाली पडत नाही. कुलूप म्हटलं की पडद्यावर लाल पान येतं, त्यावर हाताचा पंजा, आणि लिहिलेलं की हे पान गुन्हेगारीत मोडतं. किल्ली म्हटलं तरी लाल पान. विज्ञानाच्या बाईंना शरीराचा धडा होता. त्यांना हृदय मिळालं, पण ते ज्या छातीत असतं ती मिळेना. इतिहासाच्या सरांना लढाया दिसेनात, कारण लढायांत हत्यारं असतात, म्हणून त्यांनी नुसते तह शिकवले. कानस जेवताना एवढंच सांगायची, आणि आम्ही हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

त्या लाल पानाच्या तळाशी एक चौकोन असायचा. "हे पान तुम्हाला का हवं आहे?" असं विचारलेलं, आणि खाली पाठवायचं बटण. वर्गातली बाकीची मुलं तिकडं बघतसुद्धा नव्हती. त्यांना फिल्टर चुकवायची मागची वाट ठाऊक. त्या वाटेनं जाऊन ती खेळ खेळून यायची, सिनेमे बघून यायची, आणि ज्याच्यासाठी फिल्टर लावला तेही बघून यायची. हिलाही ती वाट ठाऊक होती. पण हिला दार दिसलं, दाराला कडी दिसली, आणि ही आमच्या घरात वाढलेली. हिनं कडी वाजवली. जितकी लाल पानं आली तितक्यांच्या चौकोनात आपलं नाव घालून लिहिलं, की कुलूप न फोडता कसं उघडतं ते मला हवं आहे, आमचा धंदा आहे, कृपया उघडा. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजवली. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

तिला वाटत होतं आत कोणीतरी आहे, कामात असेल, येईल. आत माणूस नव्हताच. आत यंत्र होतं, आणि ते मोजत होतं. मोजून मोजून त्यानं ठरवलं, की सगळ्या शाळेत ही एकच मुलगी रोज कुलपं उघडायला मागते. सोमवारी त्यानं तिचं खातं बंद करून टाकलं, आतल्या प्रकल्पासकट. शुक्रवारी प्रकल्प द्यायचा होता. पोर घरी अवाक्षर बोलली नाही. बुधवारी शाळेचा फोन आला तेव्हा आम्हाला कळलं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मागच्या वाटेनं जाणारे साव, आणि कडी वाजवणारी चोर.

शाळा दुकानापासून लांब नाही, पण चढावर आहे. पोचले तेव्हा धाप लागलेली. ती रागाची आहे असं कोणाला वाटलं तर बरंच, म्हणून मी ती लपवली नाही. शाळा मला नवी नाही. प्रयोगशाळेची कपाटं, मुलांचे खण, जिन्याखालची अडगळीची खोली, सगळ्यांना आमची कुलपं. संगणकांच्या खोलीचं तर मी स्वतः बसवलंय. शिकायला म्हणून मी शाळेत फार गेले नाही. पाटी फुटली, आणि घरच्यांनी ठरवलं की फुटली ते बरंच झालं. पण दारांच्या बाजूनं मला शाळा चांगली ठाऊक आहे.

कानस मोठ्या बाईंच्या खोलीबाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी टेकले. जेवलीस का विचारलं, तर मान हलवली. मी म्हटलं, आपल्यात मान हलवलेली चालत नाही. तेव्हा "नाही" म्हणाली, आणि पुन्हा समोरच्या भिंतीकडं बघत बसली.

आत मोठ्या बाई होत्या आणि संगणकाचे सर होते. मोठ्या बाई वयानं माझ्याहून बऱ्याच लहान, पण निवृत्तीला टेकलेल्या. पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. सर तरुण, दाढी वाढलेली, आणि पाठ अशी वाकलेली की जन्मभर कुठल्यातरी टेबलाखालीच वावरलेत.

मोठ्या बाईंनी समजावून सांगितलं. वाईट बोलल्या नाहीत. मुलगी गुणी आहे, धंदा ठाऊक आहे, त्यांच्याच कपाटाची किल्ली परवा माझ्या मुलानं करून दिली, सगळं मान्य. पण फिल्टर त्यांचा नाही. तो वरच्या कचेरीनं एका कंपनीकडे दिलाय, कंपनी दुसऱ्या शहरात आहे, आणि तिथंही फोन माणूस उचलत नाही, यंत्रच उचलतं. मी सरांकडे बोट करून विचारलं, मग हे कशाला आहेत. सर म्हणाले, ते वायरी बघतात. किल्ली त्यांच्याकडे नाही.

"ज्याच्याकडे दाराची किल्ली नाही," मी म्हटलं, "त्याला आमच्याकडे पाहुणा म्हणतात."

सर हसले. रागवायला पाहिजे होते, ते हसले. तेव्हा मला कळलं माणूस किती दमलाय.

मोठ्या बाई म्हणाल्या, एक वाट आहे. पालकानं मान्य करायचं, की मुलीनं मनाई असलेल्या गोष्टी शोधल्या, तिची चूक झाली, पुन्हा होणार नाही. पडद्यावर तसं बटण येतं. ते दाबलं की यंत्र उद्या खातं उघडून देईल. विषय मात्र बदलावा लागेल. पाण्याचं चक्र घेता येईल, त्यातलं सगळं उघडतं. राहिलेल्या वेळात होईल तेवढं करायचं. कोण जाणे, तेवढ्यावरही जागा मिळेल. असं म्हणून त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला.

चष्मा घरी राहिला होता, पण "मान्य" मला चष्म्याशिवाय वाचता येतं. बटण हिरवं होतं. बोट पुढं गेलंही. मनात म्हटलं, म्हातारे, एवढ्याशा बटणानं पोरीचं वर्ष वाचतंय, दाब आणि घरी जा, पेटीतला तुकडा अजून निघायचाय. पण बोट माझं असलं तरी चूक तिच्या नावावर जाणार होती. मी म्हटलं, तिला आत बोलवा.

कानस आत आली. बाईंनी तिला सगळं पुन्हा सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि इतके दिवस न बोललेली कानस बोलली.

"चूक झाली असेल तर सांगा कोणती. मी विचारलं ही, की विचारत राहिले ही?"

मोठ्या बाईंनी चमच्यानं साय बाजूला केली, पण चहा काही प्यायल्या नाहीत. मी बोट मागं घेतलं.

बाहेर आलो तर सर मागोमाग आले. आवाज खाली करून म्हणाले, "आजी, सगळी मुलं मागनं जातात. हिनंही जावं. उद्या ती माझ्या जागेवर बसू दे, मी तासभर खोलीत नसेन."

भल्या मनानं म्हणाले. मी कानशीकडं बघितलं. ती आपल्या चपलांकडं बघत म्हणाली, की मागनं जायचं असतं तर तिला सरांच्या परवानगीची गरज नव्हती, आणि सर खोलीत नसतील तर ती परवानगीही नाही. सर कानामागं खाजवत निघून गेले.

खरं सांगायचं तर त्या घडीला मला आमच्या रीतीचाच कंटाळा आला. सासऱ्यांनी ती घालून दिली तेव्हा दाराला मालक असायचा. कुठं बाजारात गेलेला असेल, झोपलेला असेल, पण असायचा. हे कसलं दार, ज्याला कुलूप आहे, आणि मालक म्हणून कोणी माणूसच सापडत नाही. सर म्हणतात बाईंना विचारा, बाई म्हणतात वरच्यांना, वरचे म्हणतात कंपनीला, आणि कंपनीत फोन वाजतोय.

तेव्हा मी परत फिरले. मोठ्या बाईंचं दार उघडंच होतं, तरी वाजवलं. विचारलं, ही यंत्रं कोणाची. शाळेची, म्हणाल्या. मुलं कोणाची. तुमची, म्हणाल्या. शाळेच्या वेळात? बाई थांबल्या. मग म्हणाल्या, शाळेच्या वेळात आमची.

"मग मालक तुम्ही. कुलूप कोणी का बसवेना. आम्हीही बसवतो, म्हणून दार आमचं होत नाही. तुम्ही तिच्यामागं उभ्या राहा आणि तोंडानं म्हणा, उघड. सर सांगतील तुम्ही इथल्याच म्हणून. मग ती उघडेल."

मोठ्या बाईंनी पडदा पुन्हा आपल्याकडं वळवला. "आणि मला नोटीस आली की तुम्ही येऊन उभ्या राहणार आहात का?"

"येईन. चढ आहे, थोडा उशीर होईल."

त्यांच्या ओठांच्या कडेला हसू आलं आणि गेलं. मान हलवून म्हणाल्या, नाही जमणार, आजी. मी पुढं वाद घातला नाही. मालक नको म्हणाला तर पिशवी उचलून परत यायचं, हीसुद्धा रीतच आहे.

संध्याकाळी सूनबाई कामावरून आली, आणि जेवणाच्या ताटावर सगळं निघालं. ती म्हणाली तिनं डोळे मिटून बटण दाबलं असतं. म्हणाली, चूक मान्य केल्यानं अंगाला भोकं पडत नाहीत, ती धोबीखान्यात दिवसातून कितीदा दुसऱ्यांच्या चुका आपल्या म्हणते. "तुमच्या त्या कडीपायी, आई, माझ्या मुलीनं जन्मभर किल्ल्याच घासायच्या का?" मुलगा ताटात बघत राहिला. मला उत्तर सुचलं नाही. एरवी मला उत्तर सुचलं नाही तर घरात शुभशकुन मानतात. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

गुरुवारी कानस शाळेत गेलीच नाही. दुकानात बसून कोऱ्या किल्ल्यांना दात पाडत बसली, एकामागून एक, कोणी मागितलेल्या नसताना. पितळेचा कीस तिच्या ओच्यात साठत होता. मुलगा मला खुणेनं विचारत होता, थांबवू का. मी खुणेनं म्हटलं, राहू दे.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडून फळी टाकतोय, तोच समोर मोठ्या बाई. चालत आलेल्या. उतार असूनही घाम आलेला. मी स्टूल पुढं केलं, बसल्या नाहीत. मला वाटलं कपाटाची किल्ली पुन्हा हरवली. त्या म्हणाल्या, की बुधवारी मी गेल्यावर त्यांनी स्वतःच्या खात्यातून कुलपाचं एक पान उघडून बघितलं. लाल पान आलं. तळाच्या चौकोनात त्यांनी लिहिलं, मी या शाळेची मुख्याध्यापिका आहे, हे पान माझ्या विद्यार्थिनीला अभ्यासासाठी हवं आहे, उघडावं. सही म्हणून हुद्दा घातला. उत्तर आलं नाही. काल दिवसभर त्यांनी पुन्हापुन्हा लिहिलं, विनंती केली, समजावलं, मग जरा कडक शब्दांत लिहिलं.

"आज सकाळी माझंच खातं बंद," त्या म्हणाल्या. "मी माझ्याच शाळेची हजेरी उघडू शकत नाही."

मला हसू आलं नाही. बाईंनाही आलं नाही. मुलगा मात्र कामाच्या टेबलावरच्या व्हाइसमागं खाली वाकला आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिला.

मग त्या कानशीला म्हणाल्या, की पिशवी नको, नुसती चित्रं घे आणि चल. मी चप्पल घातली. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण नको असंही कोणी म्हटलं नाही.

संगणकांच्या खोलीत पहिला तास चालू होता. दार उघडं होतं, तरी कानशीनं कोयंड्यावर कडी आपटून वाजवली. पन्नासेक डोळे वळले. सरांनी आपलं खातं उघडून खुर्ची रिकामी करून दिली. ती बसली. मोठ्या बाई तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या. सर बाजूला. मी दाराशी, कुलपाला टेकून. माझंच कुलूप आहे ते.

आणि काहीच झालं नाही. कानशीचे दोन्ही हात मांडीवर. मोठ्या बाईंनी मान हलवली. कानस बसून. बाईंनी पुन्हा जरा जोरात हलवली. मागं कोणीतरी फिसकन हसलं. मी बोलणार नव्हते, पण सरांकडं बघून भुवई उडवली. तेव्हा ते घसा साफ करून म्हणाले, "या आमच्या मोठ्या बाई. इथल्याच आहेत. मी ओळखतो यांना." वर्ग खदखदून हसला आणि बाईंनी बघितल्यावर गप्प झाला.

मोठ्या बाईंनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

"उघड," त्या म्हणाल्या.

प्रार्थनेच्या वेळी लागतो तो आवाज. मागच्या बाकापर्यंत गेला.

कानशीनं मागच्या वाटेची दोन-चार बटणं दाबली आणि पान उघडलं. कुलपाचं पोट, आमच्या दुकानात असतं तसं, रंगीत. मी समजत होते की काहीतरी लांबलचक खटपट असेल, कान लावून पिना मोजाव्या लागतात तशी. एवढ्यात झालं. दिवसभर ती त्या खुर्चीतून उठली नाही. लिहिलेलं सगळं बंद खात्यात अडकलेलं, ते पुन्हा लिहिलं. चित्रं सरांनी यंत्रात घातली. मोठ्या बाई मधूनमधून येऊन मागं उभ्या राहून जात होत्या. शाळा सुटायच्या आधी प्रकल्प गेला.

परत येताना मी तिला विचारलं, की कुलूप अवघड होतं का.

"कुलूप नव्हतंच, आजी. नुसती कडी होती. कोणीही हात घालून काढावी अशी."

"मग इतके दिवस..."

"कडी आहे म्हणून तर वाजवली." एवढं बोलून ती माझा हात धरून उतारावरून चालायला लागली. मी तिचा धरला असं लोकांना वाटावं म्हणून मी जरा पुढं चालले.

पुढं काय झालं तेही सांगते. प्रकल्प तपासायला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी शाळेच्याच यंत्रावर बसून संदर्भ उघडून बघितले, आणि त्यांना लाल पान दिसलं. संदर्भ उघडत नाहीत म्हणून त्यांनी गुण कापले. चित्रांना पूर्ण दिले. तंत्रशाळेच्या पहिल्या यादीत नाव आलं नाही. घरात कोणी माझ्याशी नीट बोलत नव्हतं, आणि मी कोणाला बोलायला लावलं नाही. दुसऱ्या यादीत आलं, अगदी तळाशी. सूनबाईनं ते मला वाचून दाखवलं, दोनदा. चष्मा माझ्या डोळ्यांवरच होता, पण मी वाचू दिलं.

कंपनीला पत्ता लागला, आणि तिनं मागची वाट बुजवून टाकली. आता शाळेतली सगळी पोरं कानशीच्या नावानं बोटं मोडतात. आणि लाल पानाच्या तळचा तो चौकोनही काढून टाकलाय. विचारायची सोयच ठेवली नाही. विज्ञानाच्या बाई आता फळ्यावर खडूनं छाती काढतात.

मोठ्या बाईंना नोटीस आली. चौकशीला वरच्या कचेरीतून साहेब येणार होते. मला कोणी कळवलं नाही, कानशीच्या तोंडून कळलं. गेले. त्या दिवशी गुडघा फारच ठणकत होता, चढावर दोनदा बसले. पोचले तेव्हा साहेब आत बसलेले, मोठ्या बाई समोर उभ्या. त्यांच्याच खोलीत त्या उभ्या. मी दार वाजवलं.

साहेबांनी त्रासून वर बघितलं आणि विचारलं, तुम्ही कोण.

"शेजारची," मी म्हटलं. "या बाई इथल्याच आहेत. मी ओळखते यांना."